चार फासळ्या

"हे खेळणं कुणाला?" तात्यांनी विचारलं.

खोका त्यांच्या मांडीवर होता. झाकणावर तीन डोलकाठ्यांचं, शिडं फुगलेलं जहाज छापलेलं होतं आणि त्याखाली परक्या भाषेत चार ओळी. मी म्हटलं, तुम्हालाच. आत लाकडाचे सगळे सुटे भाग आहेत, नकाशा आहे, ते जोडून जहाज उभं करायचं. बसल्या जागी होतं, मशीन लागत नाही. शेवटचं मी जरा हळू म्हटलं होतं, पण नको ते त्यांना नेमकं ऐकू जायचं.

"मशीन लागत न्हाई म्हणून आणलीस."

"हो. म्हणूनच."

तात्या म्हणजे माझे वडील, जोतीराम सुतार. कोल्हापुरातल्या फाउंड्र्यांना लाकडी पॅटर्न करून देण्यात त्यांची अडतीस वर्षं गेली. लोखंडाची जी वस्तू ओतायची असते, ती आधी लाकडात हुबेहूब करतात, वाळूत दाबतात, काढून घेतात आणि राहिलेल्या पोकळीत रस ओततात. ती लाकडी वस्तू म्हणजे पॅटर्न. तो चुकला की त्यावरून ओतलेले सगळे नग चुकतात. तात्यांचा पॅटर्न परत आला असं मी लहानपणी कधी ऐकलं नाही. निवृत्तीनंतरही घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची बारीकसारीक कामं चालूच होती. ह्या गोष्टीच्या वेळी ते शहात्तर वर्षांचे होते, आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्यांना मी एकुलती एक.

मी पुण्यात शिवणक्लास चालवायचे. त्या दिवाळीनंतर शेजारच्या शमाभाभीचा फोन आला. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या शेडकडे उघडते. तात्यांनी लाकूड जोडायच्या सरसाचं भांडं स्टोव्हवर ठेवलं होतं आणि स्टुलावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. भांडं आटलं, सरस जळला, शेजारच्या भुशानं पेट घेतला. भाभीनं बादलीभर पाणी मारलं म्हणून थोडक्यात निभावलं. आधीच्या शिमग्यात विजेवरच्या करवतीनं, बँडसॉनं, त्यांच्या डाव्या करंगळीचं टोक नेलं होतं, ते त्यांनी मला दोन महिने सांगितलं नव्हतं. फोनवर करंगळी दिसत नाही.

मी क्लासला तीन आठवड्यांची सुट्टी देऊन आले. त्यांना पुण्याला न्यायचं हे मी आणि माझा नवरा सतीश, आम्ही दोघांनी ठरवलं होतं. तात्या सोडून सगळ्यांचं ठरलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. ते खोक्यातलं जहाज सतीशनं चार वर्षांपूर्वी कंपनीच्या कामानं इटलीला गेला तेव्हा आणलं होतं. हौस विमानतळावरच फिटली आणि खोका आमच्या माळ्यावर पडून राहिला. तात्यांना गुंतवायला काहीतरी हवं म्हणून मी तो उचलून आणला.

तात्यांनी झाकण काढलं. एक पट्टी उचलून तिच्यावर नखानं ओरखडा काढला, वास घेतला. "लाकूड हितलं न्हाई," म्हणाले. मग नकाशा उलगडला आणि बराच वेळ त्यावर वाकून बसले. मी चहा करून आणला तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. आई असताना रविवारी सकाळी नवीन काम आलं की असा व्हायचा तसा. मला बरं वाटलं. माझी युक्ती चालली असं वाटलं.

"शैला, एक बोलू?" ते म्हणाले. "हे जहाज मी उभं केलं, मापात, तर मी हितंच ऱ्हाणार. परत पुण्याचं नाव काढायचं न्हाई."

"आणि नाही जमलं तर?"

"तर माझं हात गेलं म्हणायचं. तू म्हणशील तवा गाडीत बसतो."

मी विचारलं, मापात म्हणजे काय. ते म्हणाले, "घासून बसवायचं न्हाई. मापानं कापलं आन बसलं, तर बसलं."

त्यांच्या धंद्यात घासून बसवणं ही शिवी होती. तयार भाग बसत नाही म्हणून कानस मारून बसवायचा, म्हणजे माप घेतलं कशाला? शिकायला आलेल्या एका माणसाला तात्यांनी एवढ्यावरून घरी पाठवलं होतं. मी अट मान्य केली. जहाज जमू नये असं मला वाटत होतं का, ह्याचा मी पुढं खूप विचार केला. त्या दिवशी तरी वाटत नव्हतं. त्यांना जमेल आणि मला हात हलवत परत जावं लागेल, अशीच मला धाकधूक होती.

बँडसॉची फ्यूज मी काढून माझ्या पर्समध्ये ठेवली. शेड मी आल्या आल्याच आवरली होती. पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात, हा माझा जुना रोग. भुसा झाडला, हत्यारं रॉकेलनं पुसली, कानशी उंचीप्रमाणं लावल्या. भिंतीवर दोन खिळ्यांना अगदी सारख्या दोन स्टीलच्या पट्ट्या होत्या. एकीचं काम दुसरी करेल म्हणून एक हत्यारांच्या पेटीत टाकली आणि दुसरी दिव्याजवळच्या डाव्या खिळ्याला अडकवली. तात्या दारात उभे राहून बघत होते. "आता काय बी सापडायचं न्हाई," एवढंच म्हणाले.

पहिले तीन दिवस फार छान गेले. जहाजाचा कणा म्हणजे लाकडाची एक लांब फळी, तिला खाचा. त्या खाचांत फासळ्या उभ्या बसवायच्या, म्हणजे माशाच्या काट्यासारखा सांगाडा होतो. वर डेकची फळी, आणि मग बाहेरून पातळ पट्ट्या वाकवून चिकटवायच्या की जहाजाचं पोट तयार. तात्यांनी एकेक फासळी खाचेत दाबली की टक् असा आवाज व्हायचा आणि ते माझ्याकडे बघायचे. मधल्या वेळात डोलकाठ्या पॉलिशपेपरनं निमुळत्या केल्या. जेवताना ते मला जहाजाबद्दल सांगायचे, जणू बंदरावरच जन्मले होते. रंकाळ्यातल्या नावेपलीकडे त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं.

अडचण आली ती मधल्या चार फासळ्यांची. माळ्यावर टाकी झिरपत होती, त्या ओलीनं ह्या चार फासळ्यांचे पदर सुटले होते. खोका उघडला त्याच दिवशी मी त्या घाण म्हणून कचऱ्यात टाकल्या होत्या. तात्यांनी शोधलं, आणि टाकल्या म्हटल्यावर कपाळाला हात लावला. त्या ठेवून वरून गिरवता आलं असतं. पण रागावले नाहीत. नकाशात फासळ्या छोट्या काढल्या होत्या तरी मापं मिलिमीटरमध्ये लिहिलेली होती. घरात तेवढ्याच जाडीचं प्लाय होतं. नवीन कापू म्हणाले.

तात्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. नकाशातले आकडे मुंगीएवढे. ते मी वाचायचे आणि तात्या दिव्याखाली, भिंग धरून, पट्टीनं खुणा मारायचे. मग बारीक करवतीनं कापायचे. करवत धरल्यावर त्यांच्या हाताची थरथर थांबायची, हे मी पाहिलं आहे. दोन दिवसांत चारही फासळ्या झाल्या. कडा इतक्या स्वच्छ की कानशीची गरज नाही.

खाचांत उभ्या केल्या आणि तात्यांनी एक पातळ पट्टी सगळ्या फासळ्यांवरून, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, आडवी धरली. ती सरळ वळणानं जायला हवी होती. मधल्या चारांवर ती उचलली गेली आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या फासळ्यांपाशी तिच्याखालून उजेड दिसू लागला. तात्यांनी डोळे मिटून जहाजाच्या पोटावरून बोट फिरवलं.

"मोठ्या झाल्यात," म्हणाले. "एका बाजूला मिलिमीटर. जरा वरच."

मी म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नकाशा पुढं ओढला. मी आकडे पुन्हा वाचले. तेच होते. कापलेली फासळी त्यांनी मोजली. सर्वांत रुंद ठिकाणी एकशे वीस, नकाशातही एकशे वीस. सगळं बरोबर होतं आणि बसत नव्हतं.

त्यांनी दुसऱ्यांदा चार कापल्या. आकडे मला तीन-तीनदा वाचायला लावले. पुन्हा तेच, तेवढ्याच मोठ्या. खोक्यातली एक तयार फासळी उचलून त्यांनी मोजली आणि मला हाक मारली. मी दारात उभी राहून सतीशशी फोनवर बोलत होते. त्यानं त्यांच्यासाठी खोली रंगवून घेतली होती, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली होती, ते सांगत होता.

"कागदावर एकशे बारा हाय," तात्या म्हणाले. "माझ्या पट्टीनं एकशे दहा बी भरंना. ही साधीच पट्टी हाय न्हवं?"

"हो, साधीच आहे."

"पेटीतली काढून बघू काय?"

"कशाला तात्या? मीच लावलीय ना ती." आणि मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मी पट्टीकडे बघितलंसुद्धा नव्हतं. माझ्या दृष्टीनं पट्टी ती पट्टी.

तिसऱ्यांदा कापायला त्यांना चार दिवस लागले. एकेक खूण मारून ते उठून बाहेर जायचे, डोळ्यावर पाणी मारायचे, परत येऊन तीच खूण तपासायचे. जेवताना जहाजाचं नाव काढायचे नाहीत. एकदा शमाभाभी खिमा घेऊन आली तर तिला म्हणाले, मला समोरची भिंत सरळ दिसते, तुला दिसते का? तिनं डबा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला त्यांची दया येत होती. आणि खरं सांगायचं तर थोडी सुटकाही वाटू लागली होती. माझ्या सुट्टीचे सहा दिवस उरले होते.

तिसऱ्या चार फासळ्याही तेवढ्याच मोठ्या निघाल्या. त्या दिवशी दुपारी तात्या जेवले नाहीत, जाऊन पडून राहिले.

मला काहीतरी हाताला काम हवं होतं म्हणून मी शिडांचं कापड घेतलं. शिडं मी शिवायची असं आमचं ठरलं होतं. पुढच्या खोलीत कॉटवर कापड पसरलं, सरळ रेघ मारायला शेडमधली पट्टी आणली आणि मापाला माझा नेहमीचा टेप काढला. तीस सेंटिमीटरची खूण करायची होती. टेपनं केली, पट्टी लावली, तर पट्टीचं तीस माझ्या खुणेच्या पुढं गेलं. सहा मिलिमीटर. आधी मला टेपचाच संशय आला, कापडी टेप ताणतात. पण ताणलेल्या टेपचं तीस पुढं जायला हवं, हे तर मागं होतं.

मी पट्टी खिडकीशी नेली. टोकाला अक्षरं होती, अंगठ्यानं झिजून झिजून जवळजवळ पुसलेली. तिरपी धरल्यावर लागली. त्यात स्टील हा शब्द होता आणि दोन टक्के.

मग मला सगळं आठवलं. मी चौथीत होते. भूमितीच्या वहीत दहा सेंटिमीटरचा चौकोन काढायचा होता, माझी पट्टी हरवली होती म्हणून मी तात्यांची घेतली. बाईंनी मोजला तर प्रत्येक बाजू दोन मिलिमीटर जास्त. घरी येऊन मी रडले आणि तात्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग मला मांडीवर घेऊन समजावलं. धातूचा रस निवताना आकसतो, स्टीलचा शंभराला दोन, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. दरवेळी हिशेब कोण करणार? म्हणून ह्या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटरच मुळात जरा मोठा आखलेला असतो. दिसायला साध्या पट्टीसारखीच. ते तिला वाढीची पट्टी म्हणायचे. साधी डाव्या खिळ्याला, वाढीची उजव्या. अडतीस वर्षं हा नियम होता आणि मी एका सकाळी तो आवरून टाकला होता.

म्हणजे तात्यांच्या बारा फासळ्या बिनचूक होत्या. तीन वेळा, अर्ध्या डोळ्यानं, त्यांनी बाराही फासळ्या केसाचा फरक न पडता कापल्या होत्या. इतका आनंद मला झाला की मी उठलेच. त्यांना हाक मारायला मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. तुटक्या करंगळीचा हात पाठीवर टाकलेला होता. त्यांच्या पलीकडच्या खिडकीतून, शेडच्या उघड्या दारातून, आतली भिंत दिसत होती, जळालेल्या सरसानं छतापर्यंत काळी झालेली.

त्यांना सांगितलं की ते उठतील, पेटीतली पट्टी काढतील आणि दोन दिवसांत चार फासळ्या टक् करून बसतील. मी शब्द दिला होता. मी पुण्याला जाईन आणि रोज फोनची वाट बघेन. पुढच्या वेळी भाभी घरात नसेल.

मी ठरवलं असं मला म्हणता येत नाही. मी परत फिरले, शेडमध्ये गेले आणि पट्टी डाव्या खिळ्याला अडकवली. एवढंच केलं. अजून काही बिघडलेलं नाही, संध्याकाळी सांगू, असंही मनात म्हटल्याचं आठवतं.

पाचच्या सुमाराला तात्या उठले, तोंड धुतलं आणि थेट शेडमध्ये गेले. मी चहा घेऊन गेले. ते स्टुलावर बसले होते. जहाजाचा सांगाडा समोर, पट्टी हातात.

"शैला, माझं एक काम कर. तुझं डोळं चांगलं हायत. ही पट्टी नीट उजेडात धर आन बघून सांग. मला वाचता येईना झालंय. वाढीची तर न्हाई न्हवं?"

त्यांना कळलं होतं. शहात्तराव्या वर्षी, दुसरं काहीच उरलं नाही तेव्हा, त्यांनी बरोबर तिथंच बोट ठेवलं होतं. पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली. मी दाराशी गेले, तिरपी धरली. अक्षरं मला आता न बघताही दिसत होती.

"साधीच आहे, तात्या."

"नीट बघितलीस?"

"बघितली."

पेटी त्यांच्या पायाशी होती. हात खाली नेला असता तर झाकण लागलं असतं. दुसरी पट्टी काढून जवळ धरली असती तर भिंगाखाली त्यांनाही कळलं असतं. त्यांनी पेटीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत होते, आणि मी सांगितलं तेवढं त्यांना पुरलं.

"मग माझंच," ते म्हणाले. चहा प्यायले. "गाडी कधीची म्हणालीस?"

पुढचं सगळं फार सोपं झालं. मला वाटलं होतं ते चिडतील, टाळाटाळ करतील. त्यांनी स्वतः उद्यमनगरातल्या एका पॅटर्नवाल्याला बोलावून हत्यारं देऊन टाकली. तो एकेक वस्तू उचलून हे काय, ते काय विचारत होता, तर म्हणाले, सगळंच ने, मला आता त्यातलं कळत नाही. दोन्ही पट्ट्या त्या पेटीतून गेल्या. मी बघत होते. जहाजाचा सांगाडा त्यांनी सकाळी बंबात घातला. बाराही फासळ्या एकेक करून घातल्या. शमाभाभी खिडकीतून म्हणाली, मिस्त्री, पोरांना तरी द्यायचं. तात्या म्हणाले, चुकलेला नग बाहेर जाऊ द्यायचा नसतो.

पुण्यात तात्यांचा काही त्रास नव्हता. सतीश सगळ्यांना सांगायचा, किती शांत झालेत, आम्ही उगीच घाबरत होतो. पहिल्या महिन्यात मलाही तसंच वाटलं. मग माझ्या लक्षात येऊ लागलं की तात्या विचारतात. आमटीचा घास तोंडात असताना, मीठ बरोबर आहे का, म्हणून विचारतात. सदऱ्याची बटणं लावून माझ्यापुढं येऊन उभे राहतात. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबतात आणि खाली अजून एक आहे का, असं विचारतात. डॉक्टरला दाखवलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही करून घेतलं. डॉक्टर म्हणाला, आता ह्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. तरी तात्या विचारत राहिले. ते मला विचारायचे, सतीशला नाही. मी सांगितलं की त्यांचं समाधान व्हायचं.

दीड वर्ष असं गेलं. मग एकदा स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार निखळलं, ते बसवायला सुतार आला. तात्या खुर्चीत बसून त्याचं काम बघत होते. तो गेल्यावर चहा झाला, मी त्यांच्या हातात कप दिला, तेव्हा ते म्हणाले, "ते दार मला खाली उतरल्यासारखं वाटलं बघ. पण मला वाटून काय."

दार मला सरळच दिसत होतं. मी टेप आणला. बिजागरीकडं आणि कडीकडं मोजलं. चार मिलिमीटर खाली होतं. स्वयंपाकघराच्या ह्या टोकाला बसून, चष्म्याशिवाय, त्यांना ते दिसलं होतं.

टेप हातात तसाच ठेवून मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, तात्या, तुम्ही बरोबर आहात, चार मिलिमीटर. आणि मग बाकीचंही सांगितलं. शेड आवरताना पट्ट्यांची अदलाबदल केली ती मी. ती वाढीची होती. मला दुपारी शिडं कापताना कळलं, संध्याकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा मला ठाऊक होतं. तुमची एकही फासळी चुकली नव्हती. हे बोलताना मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही. ते ओरडतील, मला घराबाहेर जा म्हणतील, उठून कोल्हापूरची गाडी पकडतील, ह्यातलं काहीही मला चाललं असतं.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मोकळा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"माझं मन राखायला बोलतीयास," ते म्हणाले. "कळतंय मला."

"नाही तात्या. खरंच सांगते."

"मी तुला दोनदा इचारलं व्हतं की गं. उजेडात धरून बघितलीस तू. तू कवा खोटं बोलत न्हाईस." त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. "दाराचं बी असूं दे. सुतारानं नीटच बसवलं असंल."

मी टेप त्यांच्या हातात देऊ लागले, तुम्हीच मोजून बघा म्हटलं. त्यांनी तो घेतला नाही. पट्ट्या कुठल्या तरी पॅटर्नवाल्याच्या पेटीत होत्या आणि फासळ्या मी स्वतः जळताना पाहिल्या होत्या. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

तात्या त्यानंतर दोन वर्षं होते. मी आणखी तीन-चारदा सांगून पाहिलं. दरवेळी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, शेवटी शेवटी तर मी नुसतं तात्या म्हटलं तरी ठेवायचे. मग मी सांगणं सोडून दिलं.

त्या दिवशी मात्र मी तशीच त्यांच्या पायाशी बसून राहिले होते. ते कप दोन्ही तळव्यांत धरून होते. मला वाटलं, विचार करतायत. आता काहीतरी म्हणतील.

"शैला," त्यांनी हाक मारली. "चहा निवला काय गं?"

कपातून वाफ येत होती. त्यांची बोटं लाल झाली होती.

"नाही तात्या," मी म्हटलं. "गरम आहे. घ्या."

मग त्यांनी कप तोंडाला लावला.